इयत्ता तिसरी, हजेरी क्रमांक एकतीस

निंबदऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेचा सन २००५-०६ चा हजेरीपट कुणी कधी उघडलाच, तर तिसरीच्या पानावरचं शेवटचं नाव वाचून त्याला वाटेल, मुख्याध्यापक दारू पिऊन लिहायला बसला होता. कोकिळा मारोती देवसरकर, हजेरी क्रमांक एकतीस, वय वर्षे चौतीस. मुख्याध्यापक मीच होतो आणि मी साधी सुपारीसुद्धा खात नाही. हे नाव मी शुद्धीत, सकाळी साडेदहा वाजता, चांगल्या अक्षरात लिहिलं आहे.

माझं घराणं यवतमाळचं. तीन पिढ्या कचेरीत गेल्या. कागदावर खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहायची घाई करायची नाही, एवढी शिकवण घेऊन मी घाटंजी तालुक्यातल्या या दोन शिक्षकी शाळेवर आलो. दुसऱ्या शिक्षिका कोकिळा इंगोले. डावखुऱ्या. फळ्यावर लिहायला लागल्या की अक्षरं डावीकडे कलायची आणि त्यांच्या हाताखालच्या मुलांचीही तशीच कलायची. तपासणीला आलेल्या साहेबाला वाटायचं, फळाच वाकडा टांगलाय. नवरा घाटंजीला जिनिंगमध्ये कामाला. बाई रोज एसटीने यायच्या आणि बसमधून उतरल्या उतरल्या कुणाला तरी रागवायला सुरुवात करायच्या. बहुतेक वेळा ते रागावणं माझ्या वाट्याला यायचं.

त्यांना मूल नव्हतं. हे मी एरवी लिहिलं नसतं, पण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. आमच्याकडे बाप लेकीच्या घरचं खात नाही. लेकीला मूल होईपर्यंत तर तिच्या दारचं पाणीही घेत नाही. मूल झालं की मग तो मोकळा. आता शहरात कोणी एवढं पाळत नाही, पण बाईंचे वडील मारोतराव देवसरकर फुलसावंगीच्या बाजूचे, आणि पाळायचं म्हटलं की ते सरकारपेक्षा कडक. बारा वर्षं ते लेकीकडे यायचे, दारासमोरच्या लिंबाखाली बसायचे, आपल्याच बाटलीतलं पाणी प्यायचे आणि निघून जायचे.

तेही एक वेळ चाललं असतं. पण लेकीनं काही दिलं तर ते परत करायचं, तेही दुप्पट, असा त्यांचा दुसरा नियम. बाईंनी टॉवेल दिला, तर लुगडं आलं. स्वेटर पाठवलं, तर पोतंभर तूर आली. चष्मा करून दिला, तेव्हा घरातला तांब्याचा हंडा आला, आणि चष्माही आला. फुलसावंगीकडून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर नेमसिंग हे सगळं आणून द्यायचा. "बाई, तुमी बापाले काई देत नोका जाऊ, माह्या गाडीत पॅसिंजरले जागा राह्यत नाई," असं तो एकदा बोलला होता. बाईंनी देणं बंद केलं. आपण काही दिलं की बापाचं घर तेवढं रिकामं होतं, हे त्यांना कळलं होतं. पण मारोतराव डोक्याखाली वीट घेऊन झोपायचे. विटेला धोतर गुंडाळायचे, बस. मान अशी धरली होती की बाजूला पाहायचं तर अख्खा माणूस फिरवावा लागे. बापाच्या मानेखाली एक उशी जावी, एवढीच बाईंची इच्छा होती.

डिसेंबरात वरून परिपत्रक आलं. ‘पालक कृतज्ञता सप्ताह.’ विद्यार्थ्यांनी वर्गातच सोप्या भेटवस्तू बनवून आईवडिलांना द्याव्यात. सोबत यादी होती : आइस्क्रीमच्या काड्यांची फोटो फ्रेम, थर्माकोलचा पेनस्टँड, रंगीत कागदाचं भेटकार्ड. मला यादी आवडली. छापील होती.

बाईंनी ती वाचली आणि विचारलं, "सर, पेनस्टँडात काय ठेवतील? खुरपं?"

"परिपत्रकात पेनस्टँड आहे."

"परिपत्रकात आइस्क्रीमही आहे. तुम्ही आणून देता का तीस?"

बाईंनी तिसरीच्या तीस मुलांना सांगितलं, घरी जाऊन पाहा, आईबाबांकडे काय नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. एकाच्या बापाकडे दात नव्हते, एकीच्या आईकडे टीव्ही नव्हता, एकानं ‘माह्या बाले अक्कल नाई, आई म्हणते’ असं लिहून आणलं. पण एक गोष्ट तीसही घरांत नव्हती. उशी. त्या वर्षी खरेदी केंद्र आज उघडेल, उद्या उघडेल करत कापूस घराघरांत आढ्याला लागला होता. माणसं त्यातून वाट काढून चुलीपाशी जात होती. पाहणी पथकं तर इतकी येऊन गेली होती की कुत्र्यांनी पांढऱ्या जीपवर भुंकणं सोडून दिलं होतं. आणि अख्ख्या गावात उशी नाही.

"का नाही रे?" बाईंनी विचारलं.

"कापूस इकाचा असते, बाई," पोरं म्हणाली.

मग कार्यानुभवाच्या तासाला तिसरीचं जिनिंग सुरू झालं. मुलं घरून कापूस आणत, बोटांनी सरकी काढत, जुन्या लुगड्याच्या नाहीतर पिठाच्या पिशवीच्या खोळी शिवत. निम्मी सरकी आतच राहायची. वर्गात पाय टाकला की शिंका यायच्या. माझ्या मिशा महिनाभर पांढऱ्या होत्या. संक्रांतीला तीस उश्या तयार झाल्या. शिकवता शिकवता बाईंच्या हातून एकतिसावी शिवून झाली. शहाण्या बाईनं ती शाळेत ठेवली असती. बाईंनी ती नेमसिंगच्या हाती फुलसावंगीला पाठवली.

पुढच्या शुक्रवारी मी घाटंजीच्या बाजारात होतो म्हणून मला हे पाहायला मिळालं. नेमसिंगची गाडी स्टँडवर लागली आणि टपावरून एक गादी खाली आली. नवीकोरी, भरगच्च. गादीवर ती उशी होती, जशीच्या तशी. मारोतरावांनी घरचा कापूस पिंजून घेऊन लेकीसाठी गादी भरवली होती, आणि स्वतः विटेवर झोपले होते. पार्सल घ्यायला आलेल्या बाई स्टँडवरच त्या गादीवर बसल्या आणि रडायला लागल्या.

"बा विटेवर झोपते, आन मले गादी पाठवते. आता कॉट पाठवन!"

शाळेत बाई कधी अशी भाषा बोलायच्या नाहीत. लोक जमले. एकानं गादीचा भाव विचारला. मला फार वाईट वाटलं आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी म्हणालो, "शिवण मजबूत आहे." गादी आम्ही दोघांनी ऑटोत कोंबली.

इकडे निंबदऱ्यात वेगळंच सुरू झालं होतं. मुलांनी उश्या घरी नेल्या, आणि सोमवारी शाळेच्या फाटकाशी तीस घरची माणसं उभी. कुणाच्या हातात शेवग्याच्या शेंगा, कुणाच्या पदरात तूर, दोघांच्या काखेत कोंबड्या.

"हे काय?" मी विचारलं.

"बाईचा आहेर आला न घरी, गुरुजी. रिकाम्या हातानं कसं राहाव?"

बाईंनी पाठवलेला हा आहेर, अशी गावाची समजूत. आहेर आला की आहेर जातो, त्यात शिकले-न शिकले सगळे सारखे. मी समजावलं, परिपत्रक दाखवलं. त्यांनी परिपत्रकालाही हळदीचं बोट लावलं. बाईंनी हे सगळं हसून परत केलं असतं तर विषय मिटला असता. पण खाण तशी माती! देवसरकरांची लेक ती. ‘घेऊन बसायचं कसं?’ म्हणून उरलेल्या कापडाचे तीस रुमाल शिवून त्यांनी घरोघर पाठवले. गावानं ताबडतोब भोपळे पाठवले. बाईंनी तिळगुळाच्या पुड्या पाठवल्या. गावानं अंडी पाठवली. फेब्रुवारी लागेपर्यंत माझ्या खुर्चीत भोपळे बसले होते आणि मी उभ्यानं सह्या करत होतो.

तांड्यावरचा अमरसिंग तर बकरीच घेऊन आला. "पोरीनं उशी आणली. तांड्याची इज्जत हाय, गुरुजी," असं म्हणून त्यानं ती ऑफिसच्या दाराला बांधली आणि गेला. तासाभरात बकरीनं तिसरीचा हजेरीपट खाल्ला. जूनपासून जानेवारीपर्यंत. पुठ्ठा तेवढा ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा एक कागद गहाळ झाला नव्हता. मी त्या बकरीला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

हे सगळं मिटवलं पंचफुलानं. पंचफुला म्हणजे तिसरीतल्या जयाची आई, मजुरीला जाणारी बाई, आवाज पाटलापेक्षा मोठा. अवकाळी पाऊस होऊन गेल्यावर एक दिवस ती उशी दोन्ही हातांवर धरून शाळेत आली.

"बाई, तुमची उशी उगवली."

खरंच उगवली होती. ओट्यावर भिजलेल्या उशीच्या शिवणीतून कापसाची चांगली बोटभर रोपं वर आली होती. दुकानातून आणलेलं बी शेतात उगवत नव्हतं आणि इथे उशीला पानं फुटली होती. कृषी सहायक ती पाहायला आले आणि गंभीरपणे विचारून गेले, वाण कोणता.

"आता याच्या बदल्यात मी काय देऊ? वावर देऊ काय?" पंचफुला म्हणाली. मग तिची नजर माझ्या खुर्चीतल्या भोपळ्यांवर, कोंबड्यांवर आणि मागं बांधलेल्या बकरीवर गेली. तिनं जयाला पुढं ओढलं. "ही उशी कोनं शिवली व?"

"म्या."

"बाईनं टाके घातले?"

"नाई. बाई नुसती वरडत होती."

"मंग हा बाईचा आहेर कसा झाला?" पंचफुला आमच्याकडे वळली. "हे लेकराचं हाय. लेकराचं कोनी परत करते काय? लेकराचं परत करत नसते, ठेवून घेत असते."

संध्याकाळी व्हरांड्यात सगळे जमले. एकेका मुलानं आपापले टाके ओळखून दाखवले. गावाची खात्री पटली. जो तो आपली कोंबडी काखेत घालून घरी गेला. अमरसिंगनं बकरी सोडली, आणि खाल्लेल्या कागदाबद्दल मला एक नवी वही देऊ केली. मी ती घेतली नाही, कारण पुन्हा सुरू झालं असतं.

मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी मी नवा हजेरीपट लिहायला बसलो, तर बाई समोर उभ्या.

"सर, लिहिताच आहात तर तिसरीत एक नाव वाढवा."

"कोणाचं?"

"माझं. कोकिळा मारोती देवसरकर."

"बाई, तुम्ही शिक्षिका आहात."

"शिक्षिका कोकिळा इंगोले आहे. तिचं माझे बाबा घेत नाहीत. तिसरीतल्या लेकराचं घेतील. पंचफुला काय म्हणाली, ऐकलं ना तुम्ही?"

"माझी पेन्शन पाच वर्षांवर आली आहे!"

"माझ्या बाबांची मान त्याच्याही आधी जाईल."

मी नाही म्हणालो. तीन दिवस नाही म्हणालो. तीन दिवस बाई तिसरीच्या रांगेत शेवटी टाटपट्टीवर बसल्या आणि तिथूनच वर्ग शिकवला. प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येत असलं तर स्वतःच हात वर करायच्या. सतराचा पाढा म्हणताना सतरा साती एकशे एकोणीसवर अडखळल्या, तेव्हा मुलांनी त्यांना उभं केलं. चौथ्या दिवशी मी पेन्सिलनं नाव लिहिलं. मग वाटलं, खोटंच लिहायचं तर निदान शाईनं लिहावं. माझे वडील असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. पण त्यांच्या मानेखाली उशी होती.

आठवड्याभरात यवतमाळहून एक साहेब खिचडी तपासायला आले. तिसरीचा पट एकतीस, ताटं एकतीस, मुलं तीस.

"एकतिसावं मूल कुठं आहे?"

"इथं आहे, सर," म्हणत बाई ताट घेऊन रांगेतून उठल्या.

साहेबांनी हजेरीपट पाहिला, वय पाहिलं, बाईंकडे पाहिलं. पेनचं टोपण काढलं. मग त्यांनी शेरा लिहिला : ‘एक शाळाबाह्य मुलगी प्रवाहात आणली. अभिनंदनीय.’ जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, "गळती होऊ देऊ नका."

मार्चमध्ये पालक मेळावा ठेवला. प्रत्येक पालकाला शाळेचा शिक्का मारलेलं कार्ड गेलं. फुलसावंगीकडेही गेलं : ‘आपली पाल्य कु. कोकिळा, इयत्ता तिसरी, हिच्या प्रगतीबाबत पालक या नात्याने उपस्थित राहावे.’ ‘कु.’ लिहिताना माझा हात थोडा थांबला, पण नमुन्यात तसंच होतं.

मारोतराव आले. सरकारी कागद आला म्हणजे जायचं, हाही त्यांचा एक नियम. पांढरं धोतर, खांद्याला पाण्याची बाटली, काखेत एक पोतं. आता यातून परतफेड निघणार, हे मी ओळखलं. ते सगळा देह वळवून वर्ग न्याहाळत होते. मग माझ्यासमोर कार्ड धरून उभे राहिले. मला वाटलं, आता हे विचारतील, काय थट्टा लावली आहे. मी माफी तयार ठेवली होती.

"गुरुजी," ते म्हणाले, "पोरगी अभ्यासात कशी हाय?"

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मीही हसलो नाही.

"बरी आहे. गणितात कच्ची आहे."

"पयलेपासूनच हाय," ते म्हणाले आणि पालकांच्या रांगेत जाऊन बसले.

मी नावं पुकारायला लागलो. मूल उठायचं, आईबापाला आपण केलेली वस्तू द्यायचं, लोक टाळ्या वाजवायचे. आधीच घरी गेलेल्या उश्या मुलांनी धुऊन पुन्हा आणल्या होत्या. जयाच्या उशीवरची रोपं मात्र पंचफुलानं परसात लावली होती, म्हणून जयानं एक पान दिलं. तीस झाले.

"कोकिळा मारोती देवसरकर."

बाई रांगेतून उठल्या. चौतीस वर्षांची बाई, चष्मा, जरीकाठाची साडी, आणि चालणं मात्र शाळकरी पोरीसारखं, मान खाली घालून. त्यांनी ती गादीवरून परत आलेली उशी पुढं केली. मारोतरावांनी दोन्ही हात मागं घेतले. एक हात पोत्याकडे गेला. बाईंचे हात तसेच पुढं होते.

"घ्या न, बुवा," मागून पंचफुला बोलली. "तिसरीतल्या पोरीचं हाय. तिले वाईट वाटन."

म्हाताऱ्यानं उशीकडे पाहिलं. एक बोट शिवणीवरून फिरवलं. टाके सगळे डावीकडे कललेले.

"तिसरीत असेच घालत होती," ते म्हणाले. "माह्या बंडीची गुंडी लावली होती हिनं. उलटी."

आणि त्यांनी उशी घेतली. काखेत धरली आणि पोतं सोडून दिलं. मेळावा संपला तेव्हा ते शाळेच्या रांजणातलं पाणी प्यायले. शाळा काही लेकीचं घर नव्हे, असा त्यांनी हिशोब केला असावा. मग पोतं, बाटली आणि उशी घेऊन, सगळा देह वळवत, ते बसकडे गेले. पोत्यात काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही.

पण बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. "पाहा सर, शुक्रवारी येईलच काहीतरी," असं त्या रोज म्हणायच्या. शुक्रवार आला. नेमसिंगच्या गाडीतून काही उतरलं नाही. दुसऱ्या शुक्रवारीही नाही. तिसऱ्या शुक्रवारी नेमसिंगनं गाडी स्टँडवर नेण्याआधी निंबदऱ्याच्या फाट्यावर थांबवली आणि हात हलवत शाळेत आला.

"बाई, आज मीच इचारलं तुमच्या बाले. फुलसावंगीच्या स्टँडवर बसले होते, बाकड्यावर, मानेमागं उशी लावून. मी म्हटलं, काका, पार्सल नाई काय? तर माह्यावरच डाफरले. म्हणे, लेकराचं परत करत असतात काय रे?"

बाई वर्गात गेल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या. मी दारात उभा होतो, कशासाठी ते मलाही ठाऊक नाही. एक ते तीस नीट झालं. एकतिसाव्या नावाला त्या थांबल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग टाटपट्टीवरून तीस आवाज एकदम आले, "हजर, बाई!"

मी ऑफिसात गेलो आणि मिशा पुसल्या. पुसायला तिथे कापूस आता नव्हता, तरी.